बिनतुपाची शेंगापोळी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

"दूधसुद्धा सोडलंस? मग आम्ही काय पापी?" असं शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या आणि तुला रात्रभर झोप लागली नाही, असं लिहिलंस. मला वाटतं, बाई धास्तावल्या. त्यांचं घर सांगोल्याकडचं, दारात दोन जर्सी गाई, डेअरीच्या पैशावर किराणा भरतो, हे तुझ्याच पत्रात आहे. ते पुन्हा एकदा वाच.

माझी चूक सांगते. 2013 च्या दुष्काळात, जेवणाच्या सुट्टीत, बरोबरीच्या एका बाईला मी सुनावलं होतं, की दूध म्हणजे वासराच्या तोंडचा घास. खोटं काहीच नव्हतं. व्यायल्याशिवाय गाय-म्हैस दूध देत नाही आणि रेडा जन्मला तर त्याचे हाल होतात, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण तेव्हा तिचे सासरे चारा छावणीत मुक्कामाला होते, दोन म्हशींपाशी. रान करपलेलं, घर त्या दुधावर तगलेलं. मी विचारलंच नव्हतं. ती पुन्हा माझ्यासमोर डबा उघडून बसली नाही. अजून ते मनात सलतं.

म्हणून आधी ताईंच्या गाईंची चौकशी कर. नावं विचार, वैरणीचं विचार, गोऱ्हा झाला तर काय करता तेही विचार, आणि मग गप्प बसून ऐक. दावणीपाशी रडलेली माणसं असतात ती. आपल्याला नवीन काही शिकवायचं नसतं. त्यांनी तुझं विचारलं तर सांग, "मला ते बघवेना, म्हणून मी सोडलं." तिथंच थांब.

चहाचं जरा जप. आपल्याकडे चहा नाकारला की माणसाला लागतं. "माझा कोरा, लिंबू पिळून" म्हण आणि त्यांच्यासोबतच पी. डब्याची काळजी नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी, हुलग्याची शेंगोळी, यात दूध-तूप होतंच कधी? उगाच "हे वीगन" म्हणून दाखवत बसू नकोस, नुसतं वाढ. ताकद कुठून येते विचारलं तर खरं सांग: बी-12 भाजी-भाकरीतून मिळत नाही, त्याची गोळी घ्यावी लागते. घेतेस ना? डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घे, टाळू नकोस.

आता संक्रांत आलीच. सोलापुरात गड्डा, सिद्धेश्वराची जत्रा, भरेल, ताई शेंगापोळ्या करतील आणि तुझी आठवण ठेवतील. आधीच सांगून ठेव, "ताई, माझ्या दोन बिनतुपाच्या." विसरून तूप लावून आणल्याच तर तोंड वाकडं करू नकोस, घरी आईला दे. आणि त्यांचा डबा रिकामा परत करू नकोस. कारळाची चटणी भरून दे.

तुझी,
मावशी