अमेरिकेत मूळनिवासी मुलांच्या ताब्यासाठी वेगळा कायदा का आहे?

कारण ही मुलं घरातून काढून नेण्याचं काम तिथं सरकारनेच पिढ्यान्‌पिढ्या केलं. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा निघाली. मुलांचे केस कापले, नावं बदलली, मातृभाषा बोलायला बंदी केली. अशा शेकडो शाळा देशभर चालल्या.

पुढे शाळा कमी झाल्या, पण मुलं नेणं थांबलं नाही. नातवंडं आजीकडे आहेत, घर गरीब आहे, एवढ्यावरून समाजसेवा खात्याचे लोक ‘दुर्लक्ष’ असा शेरा मारायचे. मला यातलं सगळ्यात क्रूर हेच वाटतं. आजी, मावशी, काका सगळ्यांनी मिळून मूल वाढवायचं ही त्यांची रीत, आणि तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली! १९६९ आणि १९७४ च्या पाहण्यांत २५ ते ३५ टक्के मूळनिवासी मुलं आईवडिलांपासून तोडलेली आढळली, बरीचशी गोऱ्या घरांत गेलेली.

म्हणून १९७८ मध्ये इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट आला (‘इंडियन’ म्हणजे इथं अमेरिकेतले मूळनिवासी). मूल दत्तक द्यायचंच झालं तर आधी नातेवाईक, मग त्याच जमातीतलं घर, मग इतर मूळनिवासी कुटुंब. जमातीलाही न्यायालयात बाजू मांडता येते.

हा वंशभेद आहे, असा आक्षेप घेतात. मला तो पटत नाही. कायदा जमातीचं सदस्यत्व पाहतो, आणि जमातींना स्वतःचं सरकार असतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी कायदा टिकवला, मात्र वंशभेदाच्या मुद्द्यावर निकाल दिला नाही. तो वाद पुन्हा येऊ शकतो.