‘अगदी काकावर गेलाय’

प्रश्न : माझा मुलगा ६ वर्षांचा, पहिलीत आहे. घरात त्याचं तोंड क्षणभर बंद नसतं. शाळेत मात्र जूनपासून एक शब्द बोललेला नाही. बाई हजेरी घेतात तेव्हा ‘हजर’सुद्धा म्हणत नाही, नुसता हात वर करतो. शू लागली हे सांगता येत नाही, म्हणून दोनदा चड्डी ओली करून घरी आला. लग्नाकार्यात माझा पदर सोडत नाही. कुणी नाव विचारलं की मीच सांगून टाकते. सासूबाई म्हणतात, “अगदी काकावर गेलाय.” माझे धाकटे दीर लहानपणी असेच होते म्हणे. आज ते ३४ वर्षांचे आहेत. बारावीनंतर कॉलेज सोडलं, आणि आता कित्येक वर्षं घराबाहेर पडणं जवळजवळ बंदच आहे. खोलीत रेडिओ, मोबाइल दुरुस्त करत बसतात. मुलाचं आणि त्यांचं मात्र फार जमतं. मला रात्री झोप लागत नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मग ह्याचंही तसंच होणार का? त्याला काकांपासून लांब ठेवू का?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यावर तुम्ही कदाचित उद्याच काहीतरी करून बसाल. काकांपासून लांब ठेवू नका. आईबाबांखेरीज ज्या एका मोठ्या माणसासमोर त्याचा गळा मोकळा होतो, ते माणूस तोडायचं नाही.

आता पाळण्यातल्या पायांचं. ते दिसतात, हे खरं आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जेरोम कागन ह्यांनी ४ महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. बरीच बाळं बघत राहिली. पाचांतलं साधारण एक बाळ मात्र हातपाय झाडायला लागलं, पाठ ताणून रडलं. पुढे हीच मुलं अनोळखी माणसाला बघून आईला बिलगण्याची शक्यता जास्त असते, असं दिसलं. म्हणजे हा बुजरेपणा तुमच्या लाडांनी आलेला नाही. काही मुलांचा मेंदू नव्या गोष्टीला चटकन बिचकतो, आणि त्यात अनुवंशाचाही वाटा असतो. तेवढ्यापुरतं सासूबाईंचं निरीक्षण चुकीचं नाही. त्यापुढचा निष्कर्ष चुकीचा आहे.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा मागोवा अभ्यासक आजही घेताहेत. ती ३ वर्षांची असताना एका अनोळखी तपासनीसानं प्रत्येकाचं वागणं टिपून ठेवलं. शंभरातली ८ मुलं फार बुजरी निघाली, १० मुलं फार चंचल आणि तडकणारी. २१व्या वर्षी सगळ्यांना पुन्हा गाठलं तेव्हा बुजऱ्या गटात नैराश्य जास्त आढळलं. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं, आणि तिसऱ्या वर्षीच्या स्वभावाची सावली एकविसाव्या वर्षापर्यंत पोचते हे मान्य करावं लागलं. पण ती सावली फिकट होती. बुजऱ्या मुलांपैकी बहुतेकांना नैराश्य आलेलं नव्हतं.

आणखी एक आकडा सांगते. तो ऐकायला जड आहे, पण तुमच्यापासून लपवणार नाही. २०१२ साली वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अतिशय बुजऱ्या १०० मुलांमागे साधारण ४३ जणांना पुढे ‘सोशल अँक्झायटी’चा, म्हणजे चारचौघांच्या धास्तीचा आजार झालेला दिसला. इतर मुलांत हे प्रमाण १२ होतं. फरक मोठा आहे. पण उरलेली ५७ मुलंही लहानपणी बुजरीच होती ना? इतकी वर्षं मुलांबरोबर काम करताना मला कुतूहल वाटत आलंय ते ह्या ५७ जणांचं. त्यांच्या घरी वेगळं काय घडलं?

मी स्वतः त्यांतली एक आहे, म्हणून थोडं माझं सांगते. तिसरीत कविता म्हणता आली नाही म्हणून एका बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं. कविता पाठ होती, आवाज फुटत नव्हता. त्या दिवसानंतर त्या वर्गात मी तोंडच उघडलं नाही. घरी आईचा जीव कळवळायचा. पाहुणे आले की ती म्हणायची, “लाजते हो ती, राहू द्या.” मला तेव्हा ते फार बरं वाटायचं. आजी ह्या दोघींपेक्षा वेगळी वागली. ती मला गिरणीत दळण घेऊन जायला सांगायची. सुरुवातीला ती स्वतः शेजारी उभी राहायची आणि मी फक्त डबा पुढे सरकवायची. मग ती कोपऱ्यावरच्या पारावर बसायला लागली, मला दिसेल अशी. मग घरीच. गिरणीच्या घरघरीत पुटपुटून भागत नाही. “गव्हावर गहू घाला” हे ओरडूनच सांगावं लागतं, नाहीतर बाजरीवरचं पीठ घरी येतं. एकदा आलंही. आजी रागावली नाही, त्या पिठाच्या पोळ्या केल्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा डबा हातात दिला.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात रॉन रेपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४६ बुजऱ्या मुलांबाबत असाच प्रयोग केला. मुलं बालवाडीच्या वयाची होती. त्यांचे दोन गट केले. एका गटात शिकवलं, पण मुलांना नाही, आईबाबांना, आणि तेही फक्त ६ बैठकांत. दुसऱ्या गटाला काही शिकवलं नाही. मुलाच्या वतीनं बोलायचं थांबवा, भीतीच्या पायऱ्या पाडा, एकेक चढू द्या. वर्षभरानं तपासलं तेव्हा पहिल्या गटातल्या मुलांमध्ये चिंतेचे आजार दुसऱ्या गटापेक्षा कमी झाले होते. मला त्यातली फार महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट : बुजरेपणाच्या मोजमापात दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. स्वभाव होता तिथेच होता, आजार मागे हटला होता. स्वभावाला औषध नाही, हे आपण कुणाची आशा सोडताना म्हणतो. पण स्वभावाला औषध लागतच नाही. तुमचा मुलगा मोठेपणीही कमी बोलणारा, आधी लांबून बघून मग जवळ जाणारा माणूस असेल, आणि त्यात काही वावगं नाही.

तरीही आज तुमच्या घरी जे आहे, ते नुसतं लाजणं नाही. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत बोलतच नाही, आणि शाळा सुरू होतानाचा पहिला महिना सोडूनही हे महिनाभराहून जास्त चालतं, तेव्हा त्याला ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ म्हणतात. तो हट्ट नसतो. त्या क्षणी घसा खरोखर आवळलेला असतो. त्यावर उपचार आहेत आणि लहान वयात ते चांगले लागू पडतात, म्हणून “मोठा झाला की सुटेल” असं म्हणून थांबू नका. ऐकू नीट येतं का ते आधी तपासून घ्या. मग बालमानसतज्ज्ञाला दाखवा. जवळपास कुणी नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा.

तोवर घरी-शाळेत करायचं ते असं. बाईंना भेटून सांगा की त्याला बोलतं करायला कुणी मागे लागू नये. “जीभ मांजरीनं नेली का?” नको, आणि पहिला शब्द फुटला तर टाळ्याही नकोत. शू लागली की दाखवायला बाईंनी त्याला एक रंगीत कार्ड द्यावं, हे उद्याच. ओल्या चड्डीची लाज भीतीला खतपाणी घालते. शाळा सुटल्यावर दहा मिनिटं रिकाम्या वर्गात तुम्ही दोघं बसा, घरचा एखादा खेळ खेळा. तिथे त्याचा आवाज निघायला लागला की बाईंनी दारातून जायचं, काही दिवसांनी आत येऊन वह्या तपासत बसायचं, मग खेळात एक डाव घ्यायचा. त्याला विचारताना “हो की नाही” असं विचारू नका, मान हलवून तो सुटेल. “लाल की निळा?” असं विचारा आणि मनात ५ अंक मोजा. ते ५ अंक तुम्हाला फार जड जातील, मला ठाऊक आहे. प्रत्येक आई तिसऱ्या अंकाला उत्तर देऊन टाकते.

आणि ‘काकावर गेलाय’ हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारू नका. पहिलीतलं मूल हे ऐकतं आणि खरं मानतं. शिवाय भिंतीपलीकडे ते आणखी एक माणूस ऐकत असतं.

दिरांबद्दल तुम्ही तीन-चार ओळीच लिहिल्यात, मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यांना न पाहता निदान करता येणार नाही, पण ह्या माणसाला कुणी डॉक्टरांकडे नेल्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. ‘स्वभावच तसा’ म्हणून बारावीनंतरची सोळा वर्षं गेली असतील तर ती घरानं त्यांना द्यायला हवी होती अशी वर्षं होती. ३४ हे उपचारांसाठी उशिराचं वय नाही. बाहेर पडवत नसेल तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर त्यांना घरातूनच बोलता येईल. ही सेवा मोफत आहे, मराठीत आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते. मुलाची अपॉइंटमेंट घ्याल तेव्हा त्यांनाही विचारा, सोबत येता का. पुतण्यासाठी ते उंबरा ओलांडतील असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. नाहीच आले, तर पुन्हा विचारा.

प्रश्न : माझी मुलगी ४ वर्षांची. मनाविरुद्ध झालं की जमिनीवर लोळते, हातातलं फेकते. माझी आई म्हणते, मुलीच्या जातीला हे शोभत नाही. मी नेटवर वाचलं की अशी मुलं पुढे वाया जातात, गुन्हेगार होतात.
– एक वडील, नाशिक

उत्तर : ड्युनेडिनच्या ज्या अभ्यासाबद्दल वर लिहिलं, त्यातल्या तडकणाऱ्या मुलांत पुढे गुन्ह्यांचं प्रमाण जास्त होतं, हे खरं. पण एका गटाचं प्रमाण म्हणजे तुमच्या लेकीची कुंडली नव्हे.

न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस ह्या डॉक्टर दांपत्यानं १३३ मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. साधारण १० टक्के मुलं त्यांना ‘अवघड’ वाटली : झोपेला-भुकेला वेळ नाही, राग जोरात, बदल सोसत नाही. ह्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे मानसिक त्रास झाला, पण सगळ्यांना नाही. दोघांचं म्हणणं असं की प्रश्न नुसत्या स्वभावाचा नसतो, घराशी तो कसा जुळतो ह्याचा असतो. त्याच शहरातल्या पोर्तोरिकोहून आलेल्या कामगार कुटुंबांत मुलांनी ठरल्या वेळी झोपावं असा आग्रह नव्हता, त्यामुळे शाळा सुरू होईपर्यंत झोपेची तक्रारच नव्हती.

तुमच्या घरी तिचा राग जुळत नाहीये, त्यातला थोडा भाग ती मुलगी आहे म्हणून आहे. आईंशी त्याबद्दल तुम्हीच बोला, बायकोवर सोपवू नका. टीव्ही बंद करण्याआधी ५ मिनिटं सांगून ठेवा. लोळण घेतली की शेजारी शांत बसा, ओरडू नका, आणि जे नाही म्हणालात ते लोळण घेतल्यावर देऊही नका. एक दिवस दिलं आणि एक दिवस मारलं, तर तेच नडतं. असे प्रसंग रोज अर्धा-अर्धा तास चालत असतील, ती स्वतःला इजा करत असेल किंवा बोलणं वयाच्या मानानं मागे असेल, तर दाखवून घ्या.

प्रश्न : वय २६. पुण्यात एमपीएससीची तयारी करतो. मुख्य परीक्षा पास झालो, मुलाखतीचं पत्र आलंय. लहानपणापासून अबोल आहे. मॉक इंटरव्ह्यूत हात थरथरतात, ते मी टेबलाखाली दाबून धरतो. जाऊच नये असं वाटतं. मित्रानं धडधड थांबवणारी एक गोळी दिली आहे. हा स्वभाव आहे की आजार?

उत्तर : वयानं लहान आहेस म्हणून ‘तू’ म्हणते. अबोल माणूस गर्दीतून घरी येतो आणि निवांत असतो. तुला मात्र हवं असलेलं दार समोर उघडं आहे आणि पाऊल उचलत नाही. आजार म्हणून तपासून घ्यावं असंच हे आहे. मित्राची गोळी घेऊ नकोस. अशा काही गोळ्या दमा असलेल्याला घातक ठरतात, त्या डॉक्टरांनी छाती तपासून द्यायच्या असतात. चारचौघांच्या धास्तीवर ‘सीबीटी’ ही बोलण्याची उपचारपद्धत चांगली लागू पडते, गरज पडली तर औषधंही असतात. ह्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला भेट, आणि मुलाखत कधी आहे ती तारीख त्यांना पहिल्याच भेटीत सांग.

तोवर पुढच्या मॉकमध्ये हात टेबलावर ठेव, थरथरले तरी. मित्राला मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करायला सांग. बघण्याआधी कागदावर लिही, हात बघणाऱ्याला दहापैकी किती थरथरताना दिसले असतील. मग बघ आणि जे खरंच दिसलं तो आकडा शेजारी लिही. डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत घे.