आधी सांग, पाणी कुठून जाणार?

अगं, परवा तुझ्या आर्किटेक्चरच्या प्रोजेक्टची ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोरची तपासणी, संपल्यावर तू कॉलेज रोडला रडवेली होऊन विचारलंस, एक सर म्हणतात कन्सेप्ट नाही, दुसरे म्हणतात हे बांधताच येणार नाही, मग मी आर्टिस्ट की इंजिनिअर? तेव्हा मी नुसता चहा पाजला आणि गप्प बसलो. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय.

प्रश्नच चुकलाय तुझा. तुझी ती वक्र भिंत मला मनापासून आवडली, पण तिच्यावर पडलेलं पाणी कुठून जाणार हे तुझ्या एकाही सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये, नाही. एकाही!

नाशिकच्या पांडवलेणीच्या दहा नंबरच्या लेण्यात गेलीयेस ना, तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे, त्यात हे लेणं करवलं आणि या पोढ्या, असं एका दमात लिहिलंय. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. बाहेर खांबांवर प्राणी बघ किती सुंदर कोरलेत, पण दान सांगताना लेण्याबरोबर पाणी आलंच. आणि आपण प्लंबिंगची शीट शेवटच्या रात्री करतो.

मीही तेच केलं. गंगापूर रोडचा माझा पहिला बंगला, वय २७, पश्चिमेची भिंत साफ दिसावी म्हणून खिडक्यांना छज्जेच दिले नाहीत. गवंडी म्हणाला साहेब, झड आत येईल, मी त्याला गप्प केलं. जुलैत गेलो तर घरातल्या आजी खिडकीत जुनं लुगडं घडी करून ठेवत होत्या, भिजलं की पिळायचं आणि परत ठेवायचं. मला काही बोलल्या नाहीत, पाणी दिलं प्यायला. त्यानंतर ११ वर्षं मी त्या गल्लीत गेलो नाही.

बजेट कमी होतं, मालकांनाही एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, आवडलं होतं, आणि त्या भिंतीचं प्रपोर्शन चांगलंच होतं हे मी आजही म्हणेन. पण छज्ज्यालाही प्रपोर्शन असतं गं. ते मला जमेना म्हणून मी छज्जाच काढून टाकला, आणि त्याला डिझाइन म्हणालो.

तेव्हापासून हट्ट धरलाय. पाणी कुठून जाणार ते काढल्याशिवाय ड्रॉइंग ऑफिसबाहेर जात नाही. छज्ज्याखाली ड्रिप मोल्डची बोटभर खाच, नाहीतर पाणी खालच्या अंगानं भिंतीकडे येतं आणि काळे ओघळ पडतात. गच्चीला शंभराला एक उतार, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई. हे सगळं ठेकेदार बघून घेईल असं म्हणायचं नाही, तूच काढायचं, स्वतःच्या हातानं. यापायी माझे दोन क्लायंट गेले, जाऊ देत, माझं काही चुकलं नाही.

रविवारी सकाळी ये. शीट्स आण, निळी पेन्सिल आण. तुझ्या भिंतीच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत पाण्याची रेघ ओढू, अडेल तिथं वक्र बदलू. त्या बंगल्याची जुनी ड्रॉइंग्ज मी काढून ठेवतो, पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे तू काढून दाखव.