गोळी नको, मग पोराला द्यायचं काय?

"मॅडम, गोळ्या सुरू न करता काही होईल का?" मी मुलांचं समुपदेशन करते, त्यामुळे फोनवर, क्लिनिकमधे, अगदी लग्नाच्या पंगतीत सुद्धा मला हे विचारतात, आणि विचारणारे अडाणी वगैरे अजिबात नसतात हं, शिक्षक असतात, बँकेतले असतात, एकदा तर मेडिकलचं दुकान असलेले गृहस्थ होते. भीती सगळ्यांची एकच, एवढंसं लेकरू आणि डोक्याची गोळी, सवय लागली म्हणजे? हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही, आजार कुठला त्यावर ते ठरतं. म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून नाव-गाव आणि बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

ओम म्हणूया त्याला. चौथीत, साताऱ्याजवळच्या एका गावातला. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी ब्लाउज शिवते, आणि आजी. पावसाळ्यात डेंग्यू झाला, दवाखान्यात अ‍ॅडमिट होता, तीनेक आठवडे शाळा बुडाली. प्लेटलेट वर आल्या, ताप गेला, सगळं झालं आणि शाळेचा दिवस उजाडला तसं पोटात दुखायला लागलं. मग रोजचंच. रविवारी संध्याकाळपासून तोंड उतरायचं, सोमवारी सकाळी उलटीसारखं व्हायचं आणि साडेअकराला, म्हणजे शाळेची वेळ टळली की गडी अंगणात बॅट घेऊन हजर. वडलांचं मत, नाटकं करतोय. आजीचं मत, पोराला कुणाचीतरी लागलीया.

पहिल्या भेटीत आईनी एक कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. शंखपुष्पीचं सिरप, अर्धी बाटली. ब्राह्मीच्या गोळ्या. होमिओपॅथीच्या साखरगोळ्या. जंताचं औषध देऊन झालेलं, अ‍ॅसिडिटीचं चालू, सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल. देवस्थानचा अंगारा पुडीत बांधलेला. लेबल नसलेल्या डबीत एक करड्या रंगाची पावडर, "एकजण देतात, मधातून चाटवायची, लय जणांना गुण आलाय". आणि सगळ्यात खाली चार घड्या घातलेला मानसोपचार डॉक्टरांचा कागद. त्यावर लिहिलेलं होतं की आधी समुपदेशन, दोन-तीन महिन्यात फरक पडला नाही तर औषधाचा विचार करू. वडलांनी त्यातला 'औषध' एवढा एकच शब्द वाचला आणि कागद घडी करून ठेवून दिला! म्हणजे ज्या डॉक्टरांना घाबरून हे लोक माझ्याकडे आले त्यांनीच मुळात गोळी न देता सुरुवात करा म्हणून सांगितलं होतं.

ती करड्या रंगाची पावडर मात्र मी त्याच दिवशी बंद करायला लावली. 2004 मधे अमेरिकेत बोस्टन भागात दुकानातून मिळणारी 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, त्यातल्या 14 मधे शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं, आणि ती तरी लेबलवाली होती. शिसं लहान मुलांच्या मेंदूला किती वाईट ते वेगळं सांगायला नको. आयुर्वेद वाईट असं मी म्हणत नाहीये, नोंदणी असलेला वैद्य असावा, डबीवर कंपनी आणि बॅच नंबर असावा, एवढंच. बाकी अंगारा कपाळाला लावा, काही बिघडत नाही. ब्राह्मी न् साखरगोळ्यांनी लहान मुलाची अशी भीती जाते याला धड पुरावा नाही, आणि तोटा म्हणाल तर वेळ जातो. शाळा जितकी जास्त बुडते तितकं परत जाणं अवघड होतं, हे या काळजीच्या आजारात (अँग्झायटीत) सगळ्यात महत्त्वाचं.

पोट शरीराच्या कारणानी दुखत नाही ना हे आधी बघायलाच हवं. वजन उतरतंय का, दुखण्यानी रात्री झोपेतून उठतो का, शौचातून रक्त, ताप, यातलं काहीही असेल तर समुपदेशन बाजूला, आधी मुलांचे डॉक्टर. ओमच्या बाबतीत ते झालेलं होतं. मग शाळेत कोणी मारतं का, चिडवतं का, वाचता येत नाही म्हणून टाळतोय का, कोणी नको तसा हात लावतं का, हे सगळं त्याच्याशी एकट्याशी, पत्ते खेळता खेळता. त्यातलं काही नव्हतं. निघालं ते असं, दवाखान्यात शेजारच्या कॉटवर एक काकू होत्या, त्यांना रात्री दुसरीकडे हलवलं आणि त्या परत आल्याच नाहीत. मोठी माणसं विसरून गेली. ह्याच्या डोक्यात बसलं की आपण शाळेत असताना आईला डेंग्यू झाला आणि तिला हलवलं तर. विचारलं कोणालाच नव्हतं.

आणि हो, पोट खरंच दुखतं बरं का. भीतीनी अ‍ॅड्रेनालिन वाढतं, पचन गडबडतं, आतडी आवळतात. नाटक नाही ते. हे वडलांना चित्र काढून समजवावं लागलं, पण पटल्यावर माणूस एकदम मऊ झाला.

आता घरचे काय करत होते बघा. आई शाळेबाहेर वडाच्या पारावर दिवसभर बसून, ब्लाउजची हातशिलाई तिथेच, म्हणजे खिडकीतून दिसावी. मधल्या सुट्टीत आजीचा बाईंच्या मोबाईलवर फोन, खाल्लं का पोरानं. आणि घरी त्याचे प्रश्न, तुला काय होणार नाही ना, तू येशील ना न्यायला, नक्की ना. आईला म्हणलं मापाच्या वहीत मागच्या पानावर प्रत्येक प्रश्नाला एक रेघ मारा. पहिल्याच दिवशी चाळीसच्या वर रेघा! प्रत्येकीला आईनी प्रेमानी उत्तर दिलेलं, नाही रे बाळा, काही होत नाही मला. उत्तर मिळालं की पाच मिनिटं बरं वाटायचं, मग परत. त्याचं मन त्यातून हेच शिकत होतं की धोका खराच होता, आईनी सांगितलं म्हणून वाचलो.

इथे मला जे सांगायचंय ते येतं. आईबाप विचारतात गोळी नको तर द्यायचं काय, आणि काळजीच्या आजारात मोठा भाग हा द्यायचा नसतोच, आपण जे देत आलोय ते हळूहळू थांबवायचा असतो. अमेरिकेत येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी हीच पद्धत बसवली, त्यात मुलाला थेरपिस्टकडे न्यायचंच नाही, फक्त आईवडलांनी शिकायचं. 2020 मधे 124 मुलांवरचा त्यांचा अभ्यास आला, मुलाला थेट थेरपी दिल्यावर जितका फरक पडतो तितकाच फक्त आईवडलांना शिकवूनही पडला. मी ओमला पण भेटत होते, पण खरं काम घरात झालं.

ठरलं असं की त्या प्रश्नाला सगळ्यांनी एकच वाक्य बोलायचं, "भीती वाटतीय ना, माहितीय मला, तरी तुला जमेल." बास, पुढे काही नाही. आजीला हे अजिबात पटलं नाही, "एवढ्याशा लेकराला आसं कोरडं बोलायचं व्हय?" आजीला वेगळं बोलावलं, पुढच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणलं फोन करायचा नाही हे या घरातलं सगळ्यात अवघड काम आहे, ते तुमच्याकडे देतेय. त्यांनी ते केलं, फोन डब्यात घालून डबा माळ्यावर.

पहिला आठवडा वाईट गेला. असाच जातो, आधी सांगितलेलं असतं तरी घरचे हादरतात. ओमनी दप्तर विहिरीकडे भिरकावलं, आईला चावला, वडील नेमके मुक्कामी गाडीवर, आणि रात्री साडेनऊला आईचा मला फोन, "मॅडम, त्यापेक्षा गोळी देऊन टाकली असती तर बरं झालं असतं का?" गोळी नको म्हणून आलेली हीच बाई! मला तिचा राग नाही आला, औषधाशिवायच्या मार्गात कष्ट कोणाचे हे तिला त्या रात्री कळलं होतं, आणि हे लोकांना कोणी आधी सांगत नाही. नेहमीचं उत्तर मिळायचं बंद झालं की मूल आधी जोर वाढवून बघतं, त्याच वेळी विरघळलं तर जोर लावला की मिळतं हे ते शिकतं. म्हणून टिकायचं.

शाळेच्या पायऱ्या त्यानीच ठरवल्या. आधी नुसतं युनिफॉर्म घालून गेटपर्यंत, मग प्रार्थना आणि हजेरी, मग छोट्या सुट्टीपर्यंत, मग खिचडी खाऊन घरी, मग पूर्ण दिवस. एका पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं, आईनी पण त्याच हिशोबानी मागे सरकायचं, पारावरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, तिथून घरी. वर्गाच्या बाईंनी मस्त साथ दिली, आला का रे पोटदुख्या असं कोणाला म्हणू दिलं नाही आणि वह्या वाटायचं काम त्याच्याकडे दिलं. बक्षीस त्यानी मागितलं ते म्हणजे पप्पांच्या गाडीतून वाईपर्यंत पहिल्या सीटवर बसून जायचं. दिलं.

प्राणायामाबद्दल हमखास विचारतात म्हणून, हो, भ्रामरी शिकवली होती, श्वास सोडताना लांब सोडायचा. संध्याकाळी रोज आजीबरोबर, सवय म्हणून. छाती धडधडायची थोडी कमी होते त्यानी. पण नुसत्या भ्रामरीवर मूल शाळेत जायला लागलंय असं मी तरी बघितलेलं नाही, गेटमधून आत पाऊल टाकावंच लागतं. झोप मात्र आम्ही कडक केली, या वयाला नऊ ते बारा तास लागते आणि हा पोरगा साडेअकरापर्यंत मोबाईलवर शॉर्ट्स बघत होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी परत घसरली, दोन पायऱ्या खाली येऊन पुन्हा चढलो. संक्रांतीच्या आसपास पूर्ण दिवस जायला लागला. आता पाचवीत आहे, सोमवारी कधीमधी पोट दुखतं, आजी बेंबीला हिंग लावते आणि तो जातो. गोळी लागली नाही.

पण हे वाचून ज्यांची मुलं गोळीवर आहेत त्यांनी ती बंद करायला धावू नका प्लीज. काळजीच्या आजारावर 2008 मधे 488 मुलांचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, त्यात नुसत्या बोलण्याच्या थेरपीनी साधारण 60 टक्के मुलं सुधारली, नुसत्या सर्ट्रालिन गोळीनी 55 टक्के, आणि दोन्ही मिळून 81 टक्के. म्हणजे गोळीशिवाय सुरू करणं हा हट्ट नाही, योग्यच आहे, पण आजार जास्त असेल तर दोन्ही हात लावणं शहाणपणाचं. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, फक्त एकदम थांबवायच्या नसतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यात मुलावर बारीक लक्ष ठेवायचं, कारण काहींच्या मनात स्वतःला इजा करायचे विचार वाढू शकतात, अमेरिकेत 2004 पासून या गोळ्यांवर तशी सूचनाच आहे. एडीएचडीचं, म्हणजे अतिचंचलपणा आणि लक्ष न लागणं या आजाराचं, गणित अजून वेगळं. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आधी आईवडलांचं प्रशिक्षण, पण शाळेच्या वयात त्रास जास्त असेल तर चंचलपणा आणि लक्ष यावर औषधाचा उपयोग चांगला होतो, तिथे वर्षानुवर्षं नुसती ब्राह्मी चाटवत बसणं म्हणजे मुलाचा मार खाण्याचा काळ वाढवणं. आणि मूल जर मरण्याबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर पर्याय वगैरे नंतर, त्याच दिवशी डॉक्टर. टेली मानस 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

खाजगी फी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभागात चौकशी करा, मुलांसाठीचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे 18 वर्षांपर्यंत मोफत बघतात. जाताना सध्या चालू असलेलं सगळं सोबत न्या, काढे, पावडरी, साखरगोळ्या, काहीच लपवू नका, डॉक्टर ओरडतील म्हणून तर नकोच, कारण काही झाडपाल्याची औषधं मानसोपचाराच्या गोळ्यांबरोबर घेतली तर खरंच त्रास होतो.