सगळं गाव नाही म्हणतंय, तरी मी धरून बसलोय

समुपदेशनाला येणारी बरीच माणसं फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात. बेळगावच्या टिळकवाडीत कॉलेजला जाणारी मुलगी म्हणते, "ग्रुपमध्ये देव मानणारी मी एकटीच. उपवास म्हटलं की सगळ्या हसतात. मीच मागासलेली आहे का?" निपाणीकडचा तरुण नेमका उलट्या बाजूनं येतो. घर सगळं एका बुवाच्या नादी लागलेलं, ह्यानं त्याची लबाडी स्वतः पाहिलेली, पण घरात कुणी ऐकून घेत नाही. दोघांनाही आतून खातं ते एकच: इतकी माणसं एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या, मग चूक माझीच असणार ना?

ह्याचं उत्तर मला एका गृहस्थांच्या अनुभवातून द्यायचं आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण आप्पा म्हणू.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं गाव. पावसाळ्यात भात, माळावर रताळी. आप्पा सोसायटीतून सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणीच माळ घातलेली. एकादशी आणि कार्तिकी वारी कधी चुकवली नाही. लक्ष्मी यात्रा ठरली, त्याआधी देवळाचा जीर्णोद्धार काढला, घरटी पट्टी बसली. काम निम्म्यावर आलं तेव्हा देवळाचा कारभार बघणाऱ्या देवस्की पंचांनी दप्तर आप्पांच्या हवाली केलं, कारण कीर्द-खतावणी कळणारं गावात दुसरं कोण होतं? आप्पांनी ते तपासलं आणि भर बैठकीत सांगितलं की हिशेब जुळत नाही.

एवढंच सांगून ते थांबले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. बोलाचाली वाढली आणि त्यांच्या तोंडून "चोर" हा शब्द गेला. त्या दिवसापासून गाव फिरलं. "देवाच्या कामात खोट काढतोय, पाप लागणार," असं बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या. बेंगळूरला नोकरी करणारा मुलगा फोनवर म्हणाला, "आप्पा, देवच नाही तिथं देवाचा हिशेब कसला? सोडा की." म्हणजे गावाला त्यांचं खरं पटत नव्हतं आणि मुलाला त्यांचा पांडुरंग. दोन्हीकडून एकदमच पायाखालची जमीन सरकली.

त्यांना माझ्याकडं आणलं काकूंनी, त्यांच्या पत्नीनं. "रात्री उठून वह्या काढून बसतात, मॅडम. जेवण निम्म्यावर आलंय. भजनाला जायचं सोडलं. मी सांगतो खरं ऐकूलालेत कुठं?" मग आवाज खाली करून त्या म्हणाल्या, "माळ काढून देवघरात ठेवलीय." वारकऱ्याच्या घरात ह्या वाक्याचं वजन काय असतं ते सांगायला नको. काकूंच्या मनात भीती होती ती ह्यांचं डोकं फिरलं की काय, ह्याची.

आप्पांनी पिशवीतून झेरॉक्स काढून माझ्या टेबलावर लावल्या. वाळूच्या दोन पावत्या. तारीख एक, ट्रॅक्टरचा नंबर एक, रक्कमही तीच, फक्त पावती क्रमांक वेगळा. दोन्हींवर पेन्सिलची बारीक टिकली. सोसायटीत उभी हयात काढलेल्या माणसाचं बोट त्या टिकलीवर ठेवलेलं होतं आणि ते थरथरत होतं. "सगळं गाव खोटं आणि मी एकटा खरा, असं हुतंय काय मॅडम? तुकोबांनी बहुमत मानलं नाही म्हणतात. खरं ते तुकोबा होते. मी कोण?"

हिशेब खरा की खोटा हे ठरवणं माझं काम नाही, हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं. मला एवढंच बघायचं होतं की ही भ्रमिष्टाची खात्री आहे की शहाण्या माणसाची. त्यासाठी एक साधा प्रश्न फार उपयोगी पडतो, म्हणून विचारलं, "आप्पा, काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की माझं चुकलं?" ते क्षणभरही अडले नाहीत. "त्या दिवशी ट्रॅक्टरच्या दोन खेपा झाल्या होत्या असं ड्रायव्हरनं सांगितलं, तर देवळासमोर उभा राहून माफी मागीन." भ्रमात अडकलेल्या माणसाकडं ह्या प्रश्नाचं उत्तर सहसा नसतं. समोर येईल तो पुरावा त्याच्या कटाचाच भाग होऊन बसतो. आप्पांचं डोकं ठिकाणावर होतं. थकलं होतं ते मन. काकूंना हे बाहेर येऊन सांगितलं तेव्हा त्या तिथंच रडल्या.

मग मी त्यांना एक प्रयोग सांगितला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं केलेला. समोर एक रेघ, शेजारी लहानमोठ्या तीन रेघा; पहिल्या रेघेइतकी कोणती ते सांगायचं. लहान पोरही चुकणार नाही. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच शिकवून ठेवलेले. १८ पैकी १२ वेळा ते एकमुखानं चुकीची रेघ सांगत. एकटं बसवून विचारलं तर माणसं शंभरात एकदाही चुकत नसत. घोळक्यात बसल्यावर जवळजवळ ३७ टक्के उत्तरं घोळक्यामागं गेली. डोळ्यांसमोर रेघ असताना! आणि त्यातल्या काहींनी नंतर सांगितलं ते आप्पांच्या तोंडचंच होतं: इतके लोक म्हणतात म्हणजे माझ्याच नजरेत दोष असणार.

आप्पांनी विचारलं, "एकबी टिकला नाही?" टिकले. सुमारे पाव लोक एकदाही ढळले नाहीत. पण मला ह्या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते ॲशनं त्या टिकलेल्यांविषयी लिहून ठेवलेलं निरीक्षण. त्यांनाही शंका आली होती, तेही अस्वस्थ झाले होते. शंका येऊनही पुन्हा सावरून उभं राहण्याची ताकद त्यांच्यात होती, इतकाच फरक. श्रद्धेच्या बाबतीत मी हे सतत बघते. माणसं घाबरतात ती शंका आल्यावर. शंका आली म्हणजे श्रद्धा गेली, असं धरून चालतात आणि मग माळ काढून ठेवतात. रात्री अडीच वाजता मनात "हे सगळं खोटं असेल तर?" असं येणं ही जाग्या मनाची खूण आहे. त्या एका विचारावर आयुष्याचा निकाल लावायचा नसतो, तोही अडीच वाजता.

पुढच्या भेटीत मी त्यांना कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारायला सांगितली. एका बाजूला डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्या बाजूला मनानं जोडलेलं. दोन पावत्या पहिल्या बाजूला गेल्या. "अमक्यानं पैसे खाल्ले", "त्याच्या घरावर स्लॅब पडला तो त्याच पैशातून", "सगळे एकमेकांना सामील आहेत" हे लिहिताना पेन अडखळलं, पण गेलं दुसऱ्या बाजूलाच. ती बाजू भरून कागद उलटा करावा लागला. आप्पा तिरीमिरीत उठले. "म्हणजे तुम्हीबी त्यांच्यातल्याच!" म्हणाले आणि गेले. पुढची वेळ त्यांनी चुकवली.

आले तेव्हा मी त्यांना इग्नाझ झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरची हकीकत सांगितली. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात त्यानं पाहिलं की प्रेतं चिरून थेट बाळंतिणींकडं येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांतूनच मरण येतंय. क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायची त्यानं सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोन. एवढं ढळढळीत दिसत असूनही मोठमोठ्या डॉक्टरांनी मानलं नाही. वर्षं गेली, तो कडवट होत गेला, विरोधकांना जाहीर पत्रं लिहून खुनी म्हणू लागला. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वयाच्या ४७ व्या वर्षी त्याचा अंत झाला. पुढं पाश्चर आणि लिस्टर यांचं जंतूंवरचं काम आलं, आणि आज बेळगावच्या कुठल्याही दवाखान्यात हात धुतल्याशिवाय डॉक्टर बाळंतिणीला हात लावत नाही.

"आप्पा, खऱ्याला काही झालं नाही," मी म्हटलं. "ते होतं तिथंच राहिलं. माणूस मात्र मोडला. मला पावत्यांची काळजी नाही, तुमची आहे."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पांडुरंगाला ठाऊक आहे की सगळं. मग तो गप का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर समुपदेशकानं देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ना देवाच्या बाजूनं, ना विरुद्ध. आस्तिक माणसाला "सोडा हो हे" म्हणणं आणि नास्तिकाला "थोडं नामस्मरण करून बघा" म्हणणं, दोन्ही सारखीच घुसखोरी आहे. मी एवढंच विचारलं की माळ घातली तेव्हा महाराजांनी काय सांगितलं होतं. आप्पा पाठ असल्यासारखं बोलले: खोटं बोलायचं नाही, परद्रव्याला शिवायचं नाही, परस्त्री मातेसमान, एकादशी, वारी. आणि बोलता बोलता "परद्रव्य" शब्दापाशी परत आले. सोसायटीच्या दप्तरात इतकी वर्षं एक रुपया इकडचा तिकडं झाला नव्हता, तो त्याच शब्दामुळं. "पट्टीचा पैसा बी परद्रव्यच की मॅडम. गावानं मानावं म्हणून मी माळ घातली नव्हती."

मी त्यात काही भर घातली नाही. श्रद्धा टिकते ती अशी आणि इथं, असं मला मनापासून वाटतं. चारचौघांच्या हो-नाहीवर ती उभी असती तर पहिल्याच बैठकीत संपली असती. आणि हे बुवाच्या नादी लागलेल्या घरालाही लागू आहे बरं का. मानणारे हजार असले म्हणून खोटं खरं होत नाही, आणि न मानणारे हजार असले म्हणून खरं खोटं होत नाही. तपासता येण्यासारखं असेल ते तपासावं, आणि तपासता न येणारं जे आपण धरलं आहे ते आपल्याला माणूस म्हणून कसं वागायला लावतं, ते बघावं.

आप्पांनी पंचांना एक पानी पत्र लिहिलं. दोन पावत्यांचे क्रमांक, तारीख, "खुलासा व्हावा" एवढंच. कुणाचं नाव नाही. "चोर" म्हटल्याबद्दल मात्र वेगळी दिलगिरी लिहिली. ते वाक्य मी सुचवलेलं नव्हतं. पत्र द्यायला जाताना स्त्रीशक्ती संघाचा, म्हणजे बायकांच्या बचत गटाचा, हिशेब लिहिणारी शेजारची बाई दारात आली आणि म्हणाली, "आप्पा, त्या पावत्या मीबी बघितल्यात. माझीबी सही घ्या." ॲशच्या प्रयोगातही खरं सांगणारा एकच सोबती बसवला तर घोळक्यामागं जाणारी उत्तरं एकदम थोडी उरत. आप्पांना त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोप लागली, असं काकूंनी फोनवर सांगितलं.

भजनाला ते परत जाऊ लागले. पहिल्या दिवशी शेजारी बसलेले दोघं उठून दुसरीकडं जाऊन बसले. आप्पांनी टाळ घेतले. मला सांगताना म्हणाले, "देऊळ पंचांचं न्हवं." माळ त्यांनी पुढं एकादशीला घातली. मुलगा अजून देव मानत नाही, पण आता बापाला फोनवर ह्या विषयावर टोचत नाही. आप्पांनीही त्याला पटवण्याचा नाद सोडलाय. पंचांना दिलेल्या पत्राचं उत्तर आमच्या शेवटच्या भेटीपर्यंत आलेलं नव्हतं.

तुमच्यावर अशी वेळ असेल तर आधी एक सोबती शोधा. तो तुमच्यासारखंच मानणारा हवा असं नाही, ऐकून घेणारा हवा. ज्यांना कधीच पटणार नाही त्यांच्याशी रोज वाद घालणं थांबवा. पण दोन आठवड्यांहून अधिक झोप-जेवण गेलं असेल, कामात मन लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर श्रद्धेची परीक्षा समजून ते सोसत बसू नका. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि गरज पडली तर धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळही आपल्याला लांब नाही. जाताना घरातलं एक माणूस बरोबर घ्या आणि आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी असेल तर तीही घ्या.