कार्बोरेटरवाली जुनी मारुती 800 रेस देताना दम खाते, फ्युएल पंप बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 1998 ची 800, कार्बोरेटरवाली, जागेवरून निघताना किंवा स्पीडब्रेकरनंतर पाय दिला की क्षणभर मेल्यासारखी होते, मग झटका देऊन पळते, आणि एकदा पळायला लागली की काही तक्रार नाही. आणि डिचोलीतला मेकॅनिक म्हणतोय फ्युएल पंप बदलूया.

पंप एवढ्यात बदलू नका. मी बदलून बसलोय म्हणून सांगतो.

आमची 800 1997 ची, बाबांनी घेतलेली. घर म्हार्दोळला, बाजार फोंड्याचा, म्हणजे येताना फर्मागुडीचा चढ आलाच. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या मांडवीचं) सामान भरून येत होतो, मागच्या सीटवर नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगण, पाऊस धो धो, आणि चढाला पुढची रिक्षा थांबली म्हणून मीपण थांबलो. परत निघताना क्लच सोडला, रेस दिली आणि गाडीने फक्त ‘भक्’ केलं. मागे कदंबाची बस हॉर्नवर हात ठेवून. हँडब्रेक, पुन्हा स्टार्ट, पुन्हा भक्. शेवटी नवीन ड्रायव्हर देतात तशी इंजिन बोंबलेपर्यंत रेस दिली तेव्हा कुठे वर चढली.

मग गॅरेजची वारी. पहिल्यांदा प्लग बदलले. दुसऱ्यांदा एसी पंप बदलला (आपल्याकडे मेकॅनिक मेकॅनिकल फ्युएल पंपाला एसी पंपच म्हणतात, एसीशी काही संबंध नाही). तिसऱ्यांदा कार्बोरेटर उतरवून ‘साफ’ केला आणि आयडलिंग एवढं वाढवून दिलं की गाडी न्यूट्रलमध्येच आगगाडीसारखी. त्याने दोन दिवस बरं वाटलं. आयडलिंग वाढवलं की अडखळणं थोडं झाकलं जातं, जात नाही, वर पेट्रोल जास्त खाते ते वेगळंच.

शेवटी शेजाऱ्यांनी एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे पाठवलं, आता काम बंद केलंय त्यांनी, घरामागच्या पडवीत जुन्या गाड्या बघतात. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. पहिला प्रश्न, “केन्ना करता?” म्हणजे नेमकं कधी करते. मी म्हटलं पाय दिल्या दिल्या. मग एअर फिल्टरचं झाकण काढलं, टॉर्च लावला, बोटाने थ्रॉटलचा दांडा एकदा ओढला, आत बघितलं आणि म्हणाले, “पेट्रोल येता बाब, पूण वेळार येना.”

तुमचं दुखणं मला तेच वाटतंय. कारण असं बघा, रेस एकदम दिली की थ्रॉटलची पाकळी उघडते आणि हवा लगेच आत घुसते, हवा हलकी, तिला वेळ लागत नाही. पेट्रोल जड, ते मागे राहतं, शिवाय मॅनिफोल्डमधला (कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीतला) व्हॅक्यूम एकदम पडला की पेट्रोलचा फवारा भिंतीला चिकटतो, सिलिंडरपर्यंत पोचतच नाही, म्हणजे अर्धा-एक सेकंद इंजिनाला नुसती हवा. ही फट भरायला कार्बोरेटरमध्ये ऍक्सिलरेटर पंप असतो, पाय दिला की तो इंजेक्शनच्या पिचकारीसारखी पेट्रोलची एक धार वरून सोडतो. काही कार्बोरेटरमध्ये त्याला रबरी डायफ्रॅम असतो, काहींत प्लंजर. रबर कडक झालं किंवा आतली छोटी गोळी कचऱ्याने अडकली की धार उशिरा येते नाहीतर येतच नाही. आणि गंमत म्हणजे एकदा गाडी पळायला लागली की या पंपाचं कामच नसतं, म्हणून पुढे सगळं मस्त चालतं. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं की नाही?

हे घरी बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. गाडी थोडी चालवून आणा, बंद करा, जरा निवू द्या. चार दिवस उभ्या असलेल्या गाडीवर हे करू नका, फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) सुकलेला असतो आणि उगाच वाटतं की ऍक्सिलरेटर पंप गेला. एअर फिल्टरचं झाकण काढा, वरून कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि हाताने थ्रॉटलचा दांडा झटकन ओढा. ओढल्या क्षणी बारीक, सरळ, जोरदार धार दिसली पाहिजे. दांडा अर्धा गेल्यावर धार सुरू झाली, किंवा धारेऐवजी थेंब थेंब ओघळलं, तर चोर सापडला. आमच्यात तर आधी एक बुडबुडा यायचा आणि मग धार. दोन-तीनदाच करा, जास्त केलंत तर इंजिन ओव्हर होतं, म्हणजे आत नको तेवढं पेट्रोल साचतं. आणि विडी-सिगरेटवाल्याला लांब ठेवा, हे सांगायला नको पण सांगतो.

मग कार्बोरेटरचा किट (नवीन रबर-पॅकिंगचा संच) टाकायचा, नुसती सफाई नाही. आमच्या गॅरेजवाल्याने कार्बोरेटर उघडला, साफ केला आणि जुनंच रबर परत बसवलं, कारण किट मागवायला लागला असता. तुमच्या मेकॅनिकला सरळ विचारा, डायफ्रॅम नवीन टाकणार का.

धार एकदम व्यवस्थित असेल तर पुढचा संशय डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूम ऍडव्हान्सवर, तो ठिणगीची वेळ पुढे-मागे करतो. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला चपटी डबी असते, तिच्यापासून बारीक रबरी पाईप कार्बोरेटरकडे जातो. तो पाईप कार्बोरेटरच्या टोकाला काढा आणि तोंडाने ओढा. हो, तोंडानेच, पुसून घ्या आधी. ओढून जीभ लावून धरलं की पाईप जिभेला चिकटून राहिला पाहिजे, स्ट्रॉ चिमटल्यासारखा. हवा नुसती येतच राहिली तर आतला डायफ्रॅम फाटलाय किंवा पाईपला चीर गेलीय. आपल्या हवेत हे पाईप टोकाला चिरतात, चिरलेलं टोक अर्धा इंच कापून परत बसवलं तरी काम होतं, फुकटात.

तेही ठीक असेल तर गाडी बाहेरून हवा ओढतेय का बघा, कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग आणि ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा पाईप. थंड इंजिन चालू करून तिथे साबणाचं पाणी थोडं थोडं सोडा, आवाज बदलला की तिथेच गळती. बाकी पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर असेल तर गॅप 0.4 ते 0.5 मिमी, प्लगचा 0.7 ते 0.8, आणि टायमिंग एकदा लाइट लावून बघून घ्या, मागे गेलेलं असलं तरी गाडी अशीच मंद उचलते. केबल काढल्या तर फायरिंग ऑर्डर 1-3-2 लक्षात ठेवा, तीनच सिलिंडर आहेत तरी लोक चुकतात, मी चुकलोय.

आता, फ्युएल पंप खरंच गेला असेल तर काय दिसेल? पाय दिल्या दिल्या नाही. चोर्ल्याच्या घाटात तिसऱ्यावर दोन-तीन मिनिटं सलग रेस धरली की मग हळूहळू जीव जाईल, कारण चेंबरमधलं पेट्रोल संपतं आणि पंप भरायला पुरा पडत नाही. पाय काढून थोडं थांबलं की परत ठीक. तुंबलेला फिल्टर किंवा टाकीतला गंजसुद्धा असाच वागतो, म्हणून पंपाच्या आधी स्वस्तातला फिल्टर बदला. आणि फक्त पावसात किंवा सकाळच्या दमट हवेत मिसिंग मारत असेल तर प्लगच्या केबल. रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून केबलवर पाण्याचा बारीक फवारा मारा, निळ्या ठिणग्या उडताना दिसतात. हात लावू नका, चांगलाच झटका बसतो.

कोणीतरी खाली ई20 चं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) विचारणारच म्हणून आत्ताच लिहितो. 2023 पासून ते पंपांवर यायला लागलं आणि आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. साध्या पेट्रोलला एका भागाला साधारण 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनवाल्या नवीन गाडीत कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून घेतो, आपल्या कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेचं भोक, ते कसलं वाढवतंय. म्हणजे मिश्रण मुळातच थोडं पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), त्यात ऍक्सिलरेटर पंप आळशी झाला की पूर्वी जे जाणवत नव्हतं ते आता जाणवतं. जुन्या रबरालाही ते सोसत नाही, पाणीही ओढतं. 2012 ला गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढलाच तेव्हापासून आमच्याकडे टाकी फुल ठेवायची सवय होती, ती मी मोडलीय. पावसात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल भरून ठेवू नका. पण सगळा दोष इथेनॉलवर ढकलून गप्प बसणारे मेकॅनिकही भेटतील, त्यांना आधी ती धार दाखवा.

आणि तुमची गाडी 2000 नंतरची एमपीएफआय (इंजेक्शनवाली) असती तर हे सगळं बाद, तिथे हा ऍक्सिलरेटर पंपच नसतो, थ्रॉटल पोझिशन सेन्सर ते काम करतो आणि मल्टिमीटर लावून थ्रॉटल हळूहळू उघडत व्होल्टेज मध्येच कुठे गळतंय का बघायचं. पण तुमची तशी नाही.

तर आधी धार बघा आणि कशी आली ते इथे लिहा, ओढल्याबरोबर की नंतर. आणि मेकॅनिकने ऐकलंच नाही, पंप बदललाच, तर जुना त्याच्याकडे सोडून येऊ नका, मागून घ्या. माझा जुना एकदम चालू पंप अजून डिकीत स्टेपनीखाली वर्तमानपत्रात गुंडाळून पडलाय, एक पैचा बिघाड नव्हता त्याच्यात.