दुसऱ्या हाताचे काम

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणे) असून त्याची उजवी बाजू कमजोर आहे. पाढे तोंडपाठ आहेत, पण लिहिताना तो मागे पडतो, म्हणून शाळा त्याला विशेष शाळेत घालण्यास सुचवते. सासूबाई त्याचा डावा हात ओढणीने बांधून उजव्याने लिहायला बसवतात. काय करावे?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी ती ओढणी सोडा. चांगला हात अडवून अशक्त हाताला राबवण्याची उपचारपद्धती आहे, हे खरे. परंतु ती व्यवसायोपचार तज्ज्ञाच्या (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून उपचार देणारे) देखरेखीखाली, ठरावीक आठवडेच आणि खेळांमधून दिली जाते. अशक्त हाताने मदतीला यावे, एवढीच तिच्यात अपेक्षा असते. त्याने पेन्सिल धरावी, अशी नव्हे. मुलाला डाव्यानेच लिहू द्यावे.

स्वीडनमधील तज्ज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘मॅक्स’ ही पाच पातळ्यांची वर्गवारी आम्ही वापरतो. ती एकेका हाताची ताकद मोजत नाही. डबा उघडणे, बटणे लावणे ही रोजची कामे मूल दोन्ही हात मिळून कशी उरकते, ते पाहते. त्याच नजरेने त्याचे लिहिणे पाहा. उजव्या हाताचा दाब नसल्याने वही सरकते, तो ती ओढून पुन्हा जागेवर आणतो आणि तोवर फळा पुसला जातो. शाळेला खटकणारा संथपणा बहुधा यातलाच असावा. वहीखाली रबरी जाळी अंथरावी आणि उजवी मूठ वहीच्या कडेवर ठेवण्याची सवय लावावी. पाय लोंबकळत असतील तर बाकाखाली चक्क जेवणाचा पाट ठेवावा, कारण पाय टेकल्याखेरीज धड स्थिर राहत नाही आणि धड डुलत असताना अक्षर वळणदार येणे कठीणच.

शाळेशी मात्र लेखी बोलावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला परिसरातील शाळेत अथवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क असून निवड शाळेने नव्हे, तुम्ही करायची आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांचीही तरतूद त्यात आहे. तिसरीतच लेखनिकाची घाई करू नये, असे माझे मत आहे. तूर्त पाढ्यांची परीक्षा तोंडी घ्यावी, एवढे बाईंकडे मागावे.